मैदान जवळ, घोडा लांब

‘घोडामैदान जवळच आहे’ असं आपल्याकडे कोणीही कोणालाही बजावतो. निवडणुकीला उभा राहिलेला बजावतो, दहावीतल्या मुलाचा बाप बजावतो, आणि मार्चअखेर आली की आमच्या शाखेतले वरिष्ठही बजावतात. ज्यानं कोणी हा वाक्प्रचार पाडला त्याच्याबद्दल पूर्ण आदर राखून मला एक तक्रार नोंदवायची आहे. या गृहस्थानं मैदान पाहिलं असेल, घोडाही पाहिला असेल. पण मोकळ्या मैदानात मोकळा घोडा आणि आपल्या हातात दोर, असा योग त्याच्या पत्रिकेत नसावा. तसं असतं तर त्याला कळलं असतं की, अशा वेळी जवळ असतं ते फक्त मैदान. घोडा लांब असतो. आपण दहा पावलं पुढे गेलो की तो अकरा पावलं पुढे जातो, मान खाली घालतो आणि पुन्हा चरू लागतो. त्याला घाई नसते. घाई आपल्याला असते, आणि हे त्याला ठाऊक असतं.

पण वाक्प्रचाराचं एक वेळ सोडा. माझा खरा आक्षेप वाङ्मयावर आहे. वाङ्मयाची समीक्षा करायला वाङ्मयाची पदवी लागते, असं ऐकून आहे. माझी पदवी वाणिज्याची. पण ज्या खात्यात नावे बाजू गच्च भरलेली आणि जमा बाजू कोरी दिसते तिथे बोट ठेवायचं, याचाच पगार मी गेली वीस वर्षं घेतो आहे. तेव्हा तेवढ्याच अधिकारानं बोलतो.

जगातल्या वाङ्मयात घोडे उदंड आहेत. त्यांच्यावर बसणारे आहेत, त्यांच्यावरून पडणारे आहेत, त्यांच्यासाठी लढणारे तर मोजता येणार नाहीत इतके आहेत. नाही तो एकच माणूस: घोडा धरून आणणारा. बहुतेक सगळ्या गोष्टी घोडा हाताशी आल्यावर सुरू होतात. त्याच्या आधीचा अर्धा तास कुणी लिहीतच नाही. म्हणजे दोर पाठीमागे लपवून, तोंडानं च्यक्‌ च्यक्‌ करीत, आपण सहज फिरायला आलो आहोत असा चेहरा करून काढलेला अर्धा तास.

अलेक्झांडरचीच गोष्ट घ्या. ती प्लूटार्कनं सांगितली आहे. फिलोनायकस नावाचा थेसलीचा व्यापारी ब्युसेफॅलस हा घोडा फिलिप राजाकडे विकायला आणतो. किंमत १३ टॅलेंट. घोडा कुणाला जवळ येऊ देईना. राजा म्हणतो, न्या परत. तेव्हा राजपुत्राच्या लक्षात येतं की घोडा स्वतःच्याच सावलीला बिचकतो आहे. तो त्याचं तोंड सूर्याकडे वळवतो, थोपटतो, अंगावरचा झगा अलगद टाकून देतो आणि स्वार होतो. निरीक्षण फक्कड आहे, यात वाद नाही. पण हिशेब तपासताना मला खटकतं ते असं, की गोष्टीत विकणाऱ्याचं नाव आहे, घेणाऱ्याचं आहे, बसणाऱ्याचं आहे, घोड्याचं आहे, किंमतही आहे. पण एवढं तापट जनावर मुळात धरून त्या मैदानात आणलं कुणी? लगाम कुणी चढवला? अलेक्झांडरनं लगाम हाती घेतला तो आधीच घोड्याच्या तोंडात होता. व्हाउचर पूर्ण आहे, सगळ्या सह्या आहेत, फक्त ज्यानं काम केलं त्याची तेवढी नाही. आमच्याकडे असं व्हाउचर पास होत नाही. इतिहासात होतं.

परक्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपलं महाभारत घ्या. पाच भावांत घोड्यांतला जाणकार एकच, नकुल. अज्ञातवासात विराटाच्या पागेत नोकरी धरली ती त्यानंच, ‘ग्रंथिक’ या नावानं. पुढे युधिष्ठिरानं अश्वमेध मांडला. घोडा देशोदेशी फिरणार, त्याच्यामागे कुणीतरी जायचं. कोण गेलं? अर्जुन! आणि नकुलाची नेमणूक भीमाबरोबर राज्य सांभाळायला. ज्याला ज्या कामातलं कळतं त्याला त्याच कामापासून दूर ठेवायचं, हे धोरण आमच्या हेड ऑफिसनं काढलं असं मी इतके दिवस समजत होतो. ते बरंच जुनं निघालं.

आता भवभूती. ‘उत्तररामचरित’ लिहिणारा हा कवी आपलं घराणं विदर्भातल्या पद्मपूरचं सांगतो, म्हणजे आपला माणूस. तेव्हा हक्कानं बोलतो. नाटकाच्या चौथ्या अंकात वाल्मीकींच्या आश्रमात पाहुणे आल्यामुळे पोरांना सुट्टी मिळालेली असते आणि रामाच्या अश्वमेधाचा घोडा तिथे येतो. घोडा हा प्राणी पोरांनी फक्त पाठांतरात ऐकलेला. ती धावत येऊन लवाला सांगतात, की त्याला मागे भलंमोठं शेपूट आहे, ते तो सारखं हलवतो, गवत खातो आणि आंब्याएवढी लीद टाकतो. घोडा प्रत्यक्ष पाहिलेल्याची साक्ष ही. शेपटीपासून लिदीपर्यंत एक खोटा शब्द नाही. इथवर भवभूतीला शंभरपैकी शंभर.

पण पुढे लव काय करतो? पोरांना सांगतो, याला घेरा आणि ढेकळं मारीत मारीत घेऊन चला, बिचारा आपल्या हरणांत चरेल. ढेकळं मारीत! मोकळ्या घोड्याला! लव राजपुत्र होता, शूर होता, हे सगळं मान्य. पण त्या ढेकळांनंतर तो घोडा अयोध्येला पोचला असता आणि पुढचा अंक लिहायला कवीला सैन्य उरलं नसतं. भवभूती अर्थात हुशार. ढेकळांचा परिणाम तो दाखवतच नाही. रखवालदार येतात, धनुष्यं निघतात, आणि घोडा राहतो बाजूला. लढाई सुरू झाली की घोड्याविषयी कुणी विचारीत नाही, हे कवींना पक्कं ठाऊक असतं.

घोडा धरण्याचा प्रकार मला माहीत आहे तो मामांच्या गावचा. मामा भीमाकाठचे. भीमथडीची तट्टं एके काळी मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली. मामांची घोडी त्यांपैकीच कुणाची तरी लांबची नात असावी. ती लढाईवर जात नसे, आठवड्याच्या बाजाराला जाई. बाजाराच्या सकाळी मामा, दोन गडी आणि सुट्टीला आलेली आम्ही भाचेमंडळी मिळून तिला माळावर घेरायचा कार्यक्रम असे. मामा पुढून, आम्ही बाजूनं, गडी मागून. ती मान वर करून आमची संख्या मोजी आणि दोघांमधली सर्वांत मोठी फट बघून निघून जाई. मामा तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत. तेवढ्यात ती पुन्हा चरायला लागलेली असे.

शेवटी नाना यायचे. नाना म्हणजे गुरांकडं बघणारा म्हातारा गडी. ते सरळ तिच्याकडे जातच नसत. तिरके चालत, मध्येच थांबत, दुसरीकडेच बघत, आणि असे रमतगमत तिच्या खांद्याशी पोचत. मानेखाली खाजवता खाजवता दोर कधी गळ्यात पडे, तिलाही कळत नसे. मी एकदा विचारलं, “नाना, ती तुमचंच कसं हो ऐकते?”

“ऐकती कुठं, बाळ? मी काय सांगतच न्हाई तिला.” मग दोर माझ्या हातात देत म्हणाले, “मी रोज जातो. खाजवतो, मूठभर हरभरं देतो, माघारी येतो. धा येळांत एकदा दोर असतो. मालक जात्यात तवा दर टायमाला बाजारच असतो. तिलाबी हिशेब येतोच की!”

मी पुढे तीन वर्षं हिशेबशास्त्र शिकलो, पण उचल आणि ठेव यांतला फरक इतक्या थोड्या शब्दांत मला कुणी सांगितला नाही. मामांच्या खात्यावर नुसती उचल. शिल्लक शून्य. मग बाजाराच्या दिवशी चेक परत येणारच.

नानांच्या चालण्याला शास्त्राचाही आधार आहे. घोडा ही शिकार होणाऱ्यांची जात. वाघ-लांडग्यांच्या भीतीत लाखो वर्षं काढलेली. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते कपाळासमोर अगदी लगत आणि शेपटीच्या नेमकं मागे. साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, यातला घोड्याचा भाग अगदी खरा आहे. फक्त घोड्याच्या अगदी नाकासमोरूनही जाऊ नये, एवढं त्यात जोडायला हवं. डोळ्यांत डोळे रोखून सरळ चालत येतो तो त्याच्या लेखी वाघ. जो तिरका येतो, नजर काढून घेतो आणि मध्येच पाठ फिरवतो, त्याच्याकडे घोडा कुतूहलानं आपणच वळतो. मॉन्टी रॉबर्ट्स या अमेरिकन अश्वशिक्षकाचं १९९६ साली याच धर्तीचं एक पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. नानांनी ते वाचलं नव्हतं. रॉबर्ट्सनंही नाना वाचले नव्हते.

वाङ्मयात मात्र एक सन्माननीय अपवाद आहे. ग्रीक सेनानी झेनोफन यानं इसवी सनापूर्वीच्या ४ थ्या शतकात घोड्यांवर पुस्तक लिहिलं. तो सांगतो, रागाच्या भरात घोड्याकडे जाऊ नका. शिंगराला भूक, तहान आणि माशांचा त्रास जाणवावा तो एकटेपणी. आणि खाणं, पाणी, आराम मिळावा तो माणसाच्या हातून. हजारोंची फौज शत्रूच्या मुलखातून घरी आणलेला हा माणूस, पण पराक्रमाआधी चंदीची व्यवस्था बघतो. असा समीक्षक मला आवडतो.

आणि दुसरा अपवाद आपल्याकडेच आहे, फक्त कुणाच्या नजरेत भरत नाही. सगराच्या अश्वमेधाचा घोडा हरवला. शोधायला त्याचे ६०,००० मुलगे निघाले. त्यांनी पृथ्वी खणून काढली. घोडा शेवटी सापडला तो कपिल मुनींच्या जवळपास, निवांत. मुलगे ‘चोर, चोर’ म्हणून मुनींच्या अंगावर धावले आणि जागच्या जागी भस्म झाले. माझा जुना आक्षेप असा होता, की एवढ्या आरड्याओरड्यात घोडा तिथंच कसा थांबला? मामांची घोडी पाच जणांना थांबत नव्हती. पण पुढचं वाचलं आणि कवीला मनोमन हात जोडले. मागाहून सगराचा नातू अंशुमान एकटाच गेला. महाभारतात सांगितलंय, की त्यानं मुनींना नमस्कार केला, नम्रपणे मागितला, आणि घोडा घेऊन घरी आला. बस. ६०,००० जणांना जमलं नाही ते एका सभ्य पोराला जमलं. गंगा पृथ्वीवर येण्याची सगळी कथा या प्रसंगातून निघाली, म्हणून आपण घाईनं भगीरथाकडे वळतो आणि अंशुमानाला विसरतो. घोडा धरणाऱ्याच्या नशिबी इथेही तेच.

हे नुसतं घोड्यापुरतं असतं तर मी एवढी शाई खर्च केली नसती. पराक्रमाच्या गोष्टी वाचून वाढलेल्या माणसाला प्रत्येक मोकळा जीव म्हणजे अजून न जिंकलेला जीव वाटतो. तो घेरायला निघतो: घोड्याला, मुलाला, हाताखालच्या माणसाला. आणि जीव लांब गेला की म्हणतो, जनावरच खट्याळ. खरं पाहता माळावर हाताशी न येणारा घोडा हा मालकाचा गोपनीय अहवाल असतो. मागच्या खेपेला काय झालं, ओझं किती होतं, खरारा झाला का, चंदी मिळाली का, सगळं त्यात नोंदलेलं असतं. फक्त तो खाली लिहितो वरच्याबद्दल. म्हणूनच तो वाचायची कुणाची तयारी नसते.

तेव्हा पुढे कुणी अश्वमेधावर नाटक लिहिणार असेल तर एवढीच विनंती. लढाई जरा आखूड करावी, दोन-चार बाण कमी पडले तरी चालतील. त्या जागी एका माणसाला मोकळ्या माळावर तिरकं चालत येऊ द्यावं. त्याला संवाद नको. मूठभर हरभरे द्यावेत, आणि पहिल्या नऊ खेपांना हातात दोर देऊ नये.