गुण कशाला, धोका कोणाला?

'महाराष्ट्र श्री', 'मुंबई श्री' अशा शरीरसौष्ठव स्पर्धांवर टीका करताना बहुधा स्पर्धकांनाच दोष दिला जातो. माझा आक्षेप मात्र परीक्षणाच्या पद्धतीवर आहे.

हिर्डोशीच्या एखाद्या मुलाला विचारा, पैलवान कसा जिंकतो? समोरच्याला चीत करून, असे तो चटकन सांगेल. शरीरसौष्ठवात चीत कोणालाच करायचे नसते. परीक्षक ठरावीक पोझमध्ये स्नायूंचा आकार, प्रमाणबद्धता आणि रेखीवपणा पाहतात. पहिल्या दोन गोष्टींसाठी वर्षानुवर्षे घाम गाळावा लागतो. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. अडचण तिसरीची आहे. स्नायूंच्या रेषा उठून दिसण्यासाठी त्वचेखालची चरबी कमी हवी. ती सावकाश घटते. मग शेवटच्या दिवसांत काहीजण पाणी तोडतात, लघवी वाढवणारी औषधे घेतात. वजनगटात बसण्यासाठीही हाच सोपा मार्ग वाटतो.

गंमत अशी, की स्नायूचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणीच असतो! पाणी केवळ त्वचेखालून काढता येत नाही. रक्तातलेही पाणी घटते, मूत्रपिंडांवर ताण येतो आणि पोटॅशियमचे प्रमाण बिघडले तर हृदयाची लय चुकते. मोहम्मद बेनअझिझा हा नामवंत स्पर्धक १९९२ मध्ये हॉलंडमधील स्पर्धा जिंकल्यानंतर काही तासांतच मरण पावला.

२०२५ साली 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये २०,२८६ पुरुष स्पर्धकांची पाहणी प्रसिद्ध झाली. हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचा धोका हौशी स्पर्धकांपेक्षा व्यावसायिकांत पाचपटींहून अधिक आढळला. यात स्टिरॉइड्सचा वाटा किती आणि पाणी तोडण्याचा किती, हे या आकड्यावरून वेगळे काढता येत नाही. पण स्पर्धेची पातळी वाढते तसा धोका वाढतो, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

मग उपाय? 'मुलांनो, जपा' एवढा उपदेश पुरत नाही. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर दगावले. तेव्हा तिथे नियमच बदलले: घाम काढण्याचे रबरी पोशाख आणि लघवी वाढवणारी औषधे यांवर बंदी आली, वजन कुस्तीच्या अगदी आधी घेतले जाऊ लागले, आणि मोसमातले किमान वजन ठरवताना शरीरात पुरेसे पाणी आहे ना, हे लघवीच्या घनतेवरून तपासले जाऊ लागले.

शरीरसौष्ठवात वजनाची वेळ बदलून भागणार नाही, कारण इथे कोरडेपणालाच गुण मिळतात. म्हणून मंचावर जाण्यापूर्वी लघवीची घनता आणि रक्तदाब तपासावा; मर्यादेबाहेर असेल त्याला उतरू देऊ नये. उत्तेजकांची चाचणीही हवीच. आपल्या गावी स्पर्धा भरली, तर विद्यार्थ्यांना घेऊन जरूर जा. बक्षिसाची रक्कम फलकावर असतेच. तपासणी कोण करतो, हे मात्र आयोजकांना विचारायला सांगा. खेळाला प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा द्वेष करणे नव्हे.