पात्र, नट आणि नमुना भाग : मराठी विनोदी मालिकांची एक पाहणी

ठरावीक घर, ठरावीक माणसे, दर भागात नवी फजिती आणि भाग संपताना पुन्हा सगळे जिथल्या तिथे, अशा बेताच्या मालिकेला प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका किंवा रूढ शब्दांत सिटकॉम म्हणतात. दैनंदिन कौटुंबिक मालिकेत माणसे बदलत जातात, निदान बदलल्यासारखी दाखवली जातात. सिटकॉममधील माणसे मात्र काही शिकत नाहीत, आणि ती शिकत नाहीत म्हणूनच प्रेक्षक पुढच्या आठवड्यात परत येतो. या प्रकाराचा अभ्यास करताना पाश्चात्त्य समीक्षक तीन गोष्टींकडे आवर्जून पाहतात : प्रक्षेपित न झालेला नमुना भाग म्हणजे पायलट, एकाच भूमिकेतील नटांची अदलाबदल, आणि यशस्वी मालिकेच्या पोटातून किंवा तिच्या नकलेतून निघालेल्या उपमालिका. मराठीला हीच मोजपट्टी लावली, तर पहिल्याच ठिकाणी ती अपुरी पडते.

अमेरिकेत पायलट हा मालिकेच्या जन्माचा कागदोपत्री पुरावा असतो. ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका १९७१ मध्ये सीबीएस वाहिनीवर आली, पण त्याआधी तिचे दोन नमुना भाग एबीसी वाहिनीसाठी तयार होऊन नाकारले गेले होते. आर्ची आणि एडिथ या दांपत्याच्या भूमिकांतील नट तिन्ही वेळा तेच राहिले, मुलगी आणि जावई मात्र दर खेपेला बदलले. म्हणजे म्हाताऱ्यांचा विनोद पहिल्याच प्रयत्नात बसला होता आणि तरुणांचा बसायला तिसरी खेप लागली, हे त्या जुन्या फितींवरून आजही दाखवता येते. ‘आय लव्ह ल्यूसी’चा १९५१ चा नमुना भाग तर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९९० मध्ये, प्रेक्षकांना पाहायला मिळाला. मराठीत याच्या उलट स्थिती आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ने घराघरांत ठाण मांडले, परंतु फिती पुसून पुन्हा वापरण्याच्या त्या काळातील रिवाजामुळे प्रक्षेपित झालेल्या भागांपैकीसुद्धा मोजकेच आज पाहायला मिळतात. प्रक्षेपित झालेलेच जिथे जपले गेले नाही, तिथे न झालेल्याची विचारपूस कोण करणार?

पुढे १९८० च्या दशकात प्रायोजित मालिकांची पद्धत आली, तेव्हा निर्मात्याने पदरमोड करून नमुना भाग बनवायचा, तो दिल्लीला मंडी हाउसमध्ये, म्हणजे दूरदर्शनच्या मुख्यालयात, सादर करायचा, आणि मंजुरी मिळाली तर बहुधा तेरा भागांचे काम हाती पडायचे, असा शिरस्ता पडला. नाकारलेल्या फितींचे पुढे काय झाले, याची नोंद ठेवणे कोणालाच आपले काम वाटले नाही.

तरीही मराठी विनोदी मालिकांची पूर्वपरीक्षा झालीच नाही, असे म्हणता येत नाही. ती दूरचित्रवाणीच्या बाहेर झाली. चिमणराव हे पात्र चिं. वि. जोशी यांनी कथांमधून उभे केले होते, आणि बडोद्यात पालीचे अध्यापन व संस्थानच्या दप्तराची नोकरी केलेल्या या लेखकाचा भित्रा, अतिविचारी कारकून छोट्या पडद्यावर येण्यापूर्वी दोन पिढ्यांच्या वाचकांनी पारखून घेतला होता. ‘वागले की दुनिया’ (१९८८) ही हिंदी मालिका आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून आली, दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सने ती निर्माण केली आणि कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केली. तिच्यातील मराठी कारकुनी घराला लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतील सामान्य माणसाची पूर्वपीठिका होती. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (२००१) ही अल्फा मराठीवरील मालिका दिलीप प्रभावळकर यांच्या ‘अनुदिनी’ या सदरलेखनावर उभी राहिली आणि केदार शिंदे यांनी ती दिग्दर्शित केली. सदर, कथा आणि एकांकिका हेच मराठी सिटकॉमचे खरे पायलट होत. यात एक फायदा असा झाला, की पात्राचे बोलणे, त्याची खोड आणि त्याचा राग कॅमेरा लागण्यापूर्वीच पक्का झालेला असे. तोटा असा, की ज्या भागाचे आणि ज्या बोलीचे विनोदी लेखन मुंबई-पुण्याच्या छापखान्यापर्यंत किंवा नाट्यगृहापर्यंत पोचले नाही, त्या भागाला मालिकाही मिळाली नाही. या तोट्याकडे पुढे वळावेच लागेल.

नट बदलण्याचा प्रश्नही याच धाग्याने सुटतो. १९४० च्या दशकातील चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले, दूरदर्शनवर प्रभावळकर झाले, आणि बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊसह ही दुसरी जोडी इतकी मनात बसली, की पहिलीची आठवण चित्रपटप्रेमींपुरतीच उरली. पात्र लिखाणात भक्कम असल्यामुळे दोन्ही नट त्यात मावले. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधील आबांचे तसे होणार नाही, कारण तिथे लेखक आणि नट एकच, प्रभावळकर, आहेत. आबा रोजनिशीत लिहितात त्या वाक्याची लय आणि ते चष्म्याआडून सुनेकडे पाहतात त्या नजरेची लय एकाच माणसाची असल्याने, दुसऱ्या नटाच्या तोंडी तीच वाक्ये घातली तर ती नुसती वाचल्यासारखी वाटतील.

हिंदीत, पण मराठी कलावंतांच्या बळावर चाललेल्या ‘हम पांच’ (१९९५) मध्ये याचा तिसराच नमुना आढळतो. अशोक सराफ यांनी रंगवलेला आनंद माथुर पाच मुलींचा बाप असून त्याची दिवंगत पहिली बायको भिंतीवरच्या तसबिरीतून त्याला टोमणे मारते, आणि प्रिया तेंडुलकर यांनी ही भूमिका केवळ चेहरा व आवाज यांच्या आधारे, एका चौकटीत राहून केली. या मुलींपैकी राधिकेच्या भूमिकेत अमिता नांगिया आणि विद्या बालन या दोघी वेगवेगळ्या काळात दिसल्या, पण त्यामुळे मालिका डगमगली नाही, कारण मुलींची वाटणी एकेका खोडीवर झाली होती : एक समाजसुधारक, एक पुस्तकी, एक नटवी, एक टपोरी. तसबिरीतील बायको मात्र बदलता आली नसती. तिच्याजवळ खोड अशी नव्हतीच, होता तो तेंडुलकरांचा स्वर. सराफ यांचा वैतागही असाच बदलीबाहेरचा, हे वेगळे सांगायला नको.

‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ने २००८ पासून या प्रश्नाचे जणू प्रात्यक्षिकच मांडले आहे. शिकवण्या घेणारे आत्माराम तुकाराम भिडे, त्यांची ‘सखाराम’ नावाची स्कूटर आणि लोणची-पापड विकणारी माधवी हे त्यातील मराठी घर आहे. या दोन भूमिकांत मंदार चांदवडकर आणि सोनालिका जोशी टिकून राहिले असले, तरी त्यांच्या सोनू या मुलीच्या भूमिकेत झील मेहता, निधी भानुशाली, पलक सिधवानी आणि खुशी माळी अशा चार अभिनेत्री येऊन गेल्या. प्रेक्षकांनी चारही सोनू मुकाट्याने स्वीकारल्या. याच मालिकेतील दयाबेन या पात्राची जागा मात्र दिशा वकानी यांनी २०१७ मध्ये मालिका सोडल्यापासून भरता आली नाही आणि त्या रिकाम्या खुर्चीभोवतीच वर्षानुवर्षे कथानक फिरत राहिले. सोनू कथानकाची सोय होती, दया हा एका अभिनेत्रीने घडवलेला आवाज होता. या मालिकेचे ‘गोकुळधामची दुनियादारी’ हे मराठी रूपही आले. पण त्यात सगळेच मराठी बोलू लागल्यावर भिड्यांच्या मराठी वळणाच्या हिंदीतील गंमत जागच्या जागी विरते, हे ती करणाऱ्यांच्या लक्षात आले असावे असे दिसत नाही.

या सगळ्यात शहाणपणाचा मार्ग नव्या ‘वागले की दुनिया’ने (२०२१) काढला. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांच्या जागी दुसरे नट न आणता त्यांना आजी-आजोबा केले, सुमीत राघवन यांच्या रूपाने पुढची पिढी कर्ती झाली, आणि काळ पुढे सरकल्याची कबुली देऊनही घर तेच राहिले.

उपमालिका आणि नकला यांच्या बाबतीत मराठी वाहिन्यांनी पात्रापेक्षा नावावर भिस्त ठेवली. ‘एका लग्नाची गोष्ट’ हे प्रशांत दामले यांचे गाजलेले नाटक. त्या नावाच्या पुण्याईवर ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ ही मालिका २०१२ मध्ये आली, तिच्यामागून वेगळ्या नटसंचाची ‘तिसरी गोष्ट’ आली, आणि पुढे नाटकाकडे वळून ‘एका लग्नाची पुढची गोष्ट’ झाली. यातील मालिकांचे नाटकाशी नाते एवढेच, की पाटी ओळखीची होती. ‘दिल दोस्ती दुनियादारी’ (२०१५) पाहताना एका सदनिकेतील सहा तरुणांमुळे अमेरिकन ‘फ्रेंड्स’ची आठवण येणे अपरिहार्य होते, तरी त्या सदनिकेला ‘माजघर’ हे नाव देऊन आणि निरनिराळ्या घरांचे संस्कार घेऊन आलेली मुले तिथे एकत्र ठेवून लेखकांनी उसना आराखडा बऱ्यापैकी आपलासा केला. दोन वर्षांनी आलेल्या ‘दिल दोस्ती दोबारा’त तेच सहा नट संपूर्ण वेगळ्या पात्रांत दिसले. पात्र तेच ठेवून नट बदलणे ही नेहमीची रीत. इथे नट तेच ठेवून पात्रे बदलली. प्रयोग धीट होता, पण पात्रे तकलादू होती आणि प्रेक्षक जुन्या नावांनीच नटांना हाका मारत राहिला.

आजच्या घडीला मराठीत साप्ताहिक सिटकॉम जवळजवळ मोडीत निघाला आहे. आठवड्याला पाच-सहा भाग मागणाऱ्या वेळापत्रकात एक फजिती नीट रचून, वळवून, मिटवायला लेखकाला उसंत मिळत नाही. म्हणून विनोद प्रहसनांच्या कार्यक्रमांकडे वळला. ‘चला हवा येऊ द्या’ आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ यांनी उत्तम नट दिले, यात वाद नाही. ‘हास्यजत्रे’च्या मंडळींनी ‘पोस्ट ऑफिस उघडं आहे’ (२०२३) करून पुन्हा एका जागेला बांधलेला विनोद आणू पाहिला. टपाल कचेरी ही चांगली जागा होती. परंतु दहा मिनिटांत टाळी घेण्याची सवय लागलेल्या लेखणीला दीर्घ पल्ला पेलणे सोपे नसते, हे त्यात वारंवार जाणवते.

मागे म्हटलेला तोटा सर्वाधिक उघडा पडतो तो नंदुरबारच्या बाजूने पाहिल्यावर. धुळ्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेश यांना खेटून असून अहिराणी, भिली, मावची, पावरी, गुजर अशा बोली तिथे रोजच्या व्यवहारात आहेत. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या होळीत बावा, बुध्या, मोरखी ही सोंगे रात्रभर नाचतात. म्हणजे ठरावीक पात्र आणि दरवर्षी नवा माणूस हा नटबदलाचा रिवाज सातपुड्यात दूरचित्रवाणीच्या आधीपासून नांदतो आहे. तरी मराठी सिटकॉमचे घर या जिल्ह्यात कधी वसले नाही. मालवणीचे उदाहरण शेजारी ठेवले म्हणजे कारण स्पष्ट होते : गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने आणि मच्छिंद्र कांबळी यांनी मालवणी विनोद मुंबईच्या रंगभूमीवर आधी रुजवला, म्हणून ‘गाव गाता गजाली’ (२०१७) सारखी मालिका मंजूर होऊ शकली. अहिराणीला व्यावसायिक रंगभूमीवर तसा पायलट मिळाला नाही. मालिकांमध्ये ती बोली आली तर नोकराच्या किंवा पाहुण्याच्या तोंडी, चार वाक्यांपुरती आणि हेल काढण्यापुरती.

शेजारच्या मालेगावने मात्र परवानगीची वाट पाहिली नाही. नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ (२०००) आणि पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ करताना मोठ्या पडद्याची नक्कल हेच आपले भांडवल मानले आणि सुपरमॅनला यंत्रमागांच्या, धुराच्या, गटारांच्या गावात आणून उभे केले. त्यांच्या ‘मालेगाव का चिंटू’ला सब वाहिनीवर जागाही मिळाली. नक्कल जेव्हा मूळ वस्तूला आपल्या गल्लीत आणून तिची फजिती करते तेव्हा ती नवी निर्मिती ठरते, आणि ‘फ्रेंड्स’च्या सावलीतील मराठी मालिकांपेक्षा या कामाची कलात्मक पत वरची मानावी लागते.

लेखकांना आयता विषय हवाच असेल, तर नंदुरबार जिल्ह्यातीलच नवापूरचे रेल्वे स्थानक समोर आहे. या स्थानकातून राज्याची सीमा जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्थानकप्रमुखाची खोली गुजरातेत, फलाटावरच्या एकाच बाकाचे दोन भाग दोन राज्यांत, आणि उद्घोषणा चार भाषांत. जागा ठरलेली, माणसे ठरलेली, आणि रोज नवा घोटाळा होण्याची हमी, अशी ही जागा आहे. मराठी वाहिन्यांनी तिथल्या बोलींत वाढलेल्या लेखक-नटांकडून निदान एक नमुना भाग करून घ्यावा, आणि तो नाकारला तरी त्याची फीत जपून ठेवावी.