'फॅरनहाइट ४५१' : एका विद्यार्थिनीचे वाचन आणि ग्रंथबंदीचा प्रश्न

प्रस्तावना

ग्रंथांवरील बंदीचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा प्रायः शासन, न्यायालय आणि लेखकाचे स्वातंत्र्य या तीन बिंदूंभोवती फिरते. वाचकाचा विचार तीत क्वचितच होतो आणि विद्यार्थी-वाचकाचा तर जवळजवळ नाहीच. रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची १९५३ साली प्रसिद्ध झालेली 'फॅरनहाइट ४५१' ही कादंबरी मात्र ग्रंथबंदीचे मूळ वाचकापाशीच शोधते. ठाणे परिसरातील एका महाविद्यालयातील द्वितीय वर्ष कला शाखेच्या एका विद्यार्थिनीने ग्रंथपरीक्षणाच्या प्रकल्पासाठी या कादंबरीवर एक टिपण लिहिले. त्या टिपणातील काही निरीक्षणांच्या आधारे कादंबरीचा आणि तिच्या निमित्ताने आपल्या प्रदेशातील अनुभवाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विद्यार्थिनीचे टिपण येथे एक स्वतंत्र वाचन म्हणून घेतले आहे. त्यामुळे ते जेथे अपुरे वाटले तेथे मतभेदही नोंदविले आहेत.

कादंबरीची घडण

या कादंबरीचा पूर्वावतार 'द फायरमन' या नावाने 'गॅलक्सी' या मासिकाच्या फेब्रुवारी १९५१ च्या अंकात आला होता. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात, नाणे टाकून भाड्याने मिळणाऱ्या टंकलेखन यंत्रावर ब्रॅडबरी यांनी ती लिहिली. पुस्तके जाळण्याची कथा ग्रंथालयाच्या पोटात बसून लिहिली जावी, हा योग अर्थपूर्ण आहे. १० मे १९३३ रोजी जर्मनीत झालेल्या ग्रंथदहनाची स्मृती आणि पन्नाशीच्या प्रारंभीच्या अमेरिकेतील मॅकार्थीकालीन संशयाचे वातावरण, ही तिची पार्श्वभूमी होय.

कथानक सर्वपरिचित आहे. भविष्यातील या समाजात अग्निशामक आग विझवीत नाहीत, तर पुस्तके जाळतात. गाय माँटॅग हा त्यांपैकीच एक. क्लॅरिस ही शेजारची मुलगी त्याला प्रश्न विचारू लागते; एक वृद्धा आपल्या पुस्तकांसह स्वतःला जाळून घेते; आणि माँटॅगच्या मनातील स्वस्थता संपते. त्याची पत्नी मिल्ड्रेड मात्र दिवाणखान्याच्या तीन भिंती व्यापणाऱ्या दूरचित्रांत रमलेली असून तिला आता चौथी भिंत हवी आहे.

विद्यार्थिनीचे आकलन

या टिपणातील पहिले लक्षणीय निरीक्षण मिल्ड्रेडच्या कानातील शिंपल्यासारख्या छोट्या श्रवणयंत्रांविषयी आहे. डोंबिवलीहून सकाळच्या लोकलने प्रवास करणाऱ्या या विद्यार्थिनीला ती यंत्रे ओळखीची वाटतात. डब्यातील दाटीत प्रत्येकीच्या कानात काहीतरी आहे आणि कोणाचे कोणाकडे लक्ष नाही, असे ती नोंदविते. हे साम्य आता सर्वत्र सांगितले जाते. तिचे पुढचे विधान मात्र अधिक गंभीर आहे. आपल्या वर्गात पुस्तकांवर बंदी घालण्याची गरजच नाही, कारण नेमलेली कादंबरी आम्ही वाचत नसून तिचे गाईड वाचतो, असे ती लिहिते.

या विधानाला कादंबरीत भक्कम आधार आहे. अग्निशामकांचा प्रमुख बीटी माँटॅगला जो इतिहास सांगतो, त्यात बंदी शेवटी येते. आधी अभिजात ग्रंथांचे पाव तासाचे नभोवाणी-रूपांतर होते, मग दोन मिनिटांत वाचून होणारे टिपण आणि अखेरीस शब्दकोशातील दहाबारा ओळींची नोंद. प्रत्येक गटाला जे खुपते ते गाळत गेल्यावर पुस्तकात काही उरत नाही आणि लोक ते आपण होऊनच बाजूला ठेवतात. पाठ्यपुस्तकाचे घटक, घटकांचे मुद्दे, मुद्द्यांचे अपेक्षित प्रश्न आणि प्रश्नांची तयार उत्तरे, ही आपली उतरंड बीटीच्या उतरंडीहून फारशी वेगळी नाही. ती विद्यार्थ्यांनी एकट्याने रचलेली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

तथापि, या ठिकाणी विद्यार्थिनीचे वाचन एका बाबतीत अपुरे पडते. बीटीचे निवेदन ती इतिहास म्हणून जसेच्या तसे स्वीकारते. बीटी हा कादंबरीतील बहुधा सर्वांत बहुश्रुत माणूस आहे आणि पुस्तके जाळणे हा त्याचा व्यवसाय आहे. लोकांनीच वाचन सोडले, आम्ही नंतर आलो, असे म्हणण्यात त्याचा स्वार्थ आहे. त्यामुळे आगपेटी धरणारा हात निर्दोष ठरतो. ही कादंबरी शासकीय नियंत्रणाविषयी नसून दूरचित्रवाणीने वाचनाची जी हानी केली तिच्याविषयी आहे, असे स्वतः ब्रॅडबरी यांनी २००७ मधील एका मुलाखतीत सांगितले होते. परंतु लेखकाचे उत्तरकालीन भाष्य हे संहितेवरील अखेरचे प्रमाण मानता येत नाही. त्या वृद्धेच्या घरावर केरोसीन ओतणारी माणसे शासनाची आहेत, हे संहिताच सांगते. वाचनाचा ऱ्हास बंदीला अनुकूल भूमी तयार करतो. बंदीची कृती मात्र कोणाची तरी असते आणि तिचे उत्तरदायित्वही त्याच्याकडेच जाते.

महाराष्ट्रातील अनुभव

आपल्याकडे शासकीय बंदीची परंपरा जुनी आहे. सावरकरांच्या १८५७ विषयीच्या ग्रंथावर १९०९ साली प्रकाशनापूर्वीच बंदी आली आणि ती १९४६ पर्यंत टिकली. स्वातंत्र्योत्तर काळात 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील 'श्यामा' या कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाच्या वादात ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला आणि त्यानंतर राज्य शासनाने पुस्तकावर बंदी घातली. ती बंदी उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि जुलै २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मतभेद कितीही तीव्र असले, तरी या प्रकरणांत आदेश होता, त्याची कारणे होती आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची जागाही होती.

त्याच वर्षी, काही आठवड्यांतच, मुंबई विद्यापीठात वेगळा प्रकार घडला. रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' ही १९९१ ची कादंबरी द्वितीय वर्ष कला शाखेच्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात होती. तीत शिवसेना व मराठी माणूस यांच्याविषयी अवमानकारक मजकूर असल्याचा आक्षेप शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने घेतला. विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी पुस्तकाच्या प्रती जाळण्यात आल्या आणि तत्कालीन कुलगुरूंनी आपत्कालीन अधिकार वापरून पुस्तक अभ्यासक्रमातून काढले. ठाणे, कल्याण व डोंबिवलीतील विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनाही तो निर्णय लागू झाला.

या पुस्तकावर बंदी नव्हती. ते दुकानांत मिळत होते, ग्रंथालयांत होते. मग नेमके काय घडले? येथेच विद्यार्थिनीच्या निरीक्षणाचे खरे मोल लक्षात येते. जो विद्यार्थी अभ्यासक्रमाबाहेरचे काही वाचतच नाही, त्याच्यापुरते अभ्यासक्रमातून गेलेले पुस्तक जगातूनच गेलेले असते. अभ्यासक्रमातून पुस्तक काढण्याला बंदीचे सामर्थ्य येते ते आपल्या वाचनाच्या संकोचामुळे. वाचणारा वर्ग समोर असता, तर तो निर्णय केवळ प्रशासकीय ठरला असता. कुतूहलापोटी ते पुस्तक कदाचित अधिकच वाचले गेले असते. बीटीचा युक्तिवाद अर्धसत्य आहे असे वर म्हटले. त्यातील सत्याचा अर्धा भाग हा आहे.

संक्षेपाचा धोका आणि विद्यार्थी

या कादंबरीच्या स्वतःच्या प्रकाशनेतिहासातही हाच धडा आहे. १९६७ मध्ये तिच्या प्रकाशकांनी शाळांसाठी एक आवृत्ती काढली व तीत पाऊणशे जागी मजकूर बदलला वा गाळला. आवृत्तीवर त्याचा उल्लेख नव्हता. १९७३ पासून तर तीच एकमेव आवृत्ती विकली जात होती. ग्रंथदहनाविरुद्धचे पुस्तक अशा रीतीने वर्षानुवर्षे काटछाट होऊन वाचले जात राहिले. ही गोष्ट ब्रॅडबरी यांच्या निदर्शनास आणणाऱ्यांत विद्यार्थी होते, असे त्यांनी १९७९ च्या उपसंहारात नमूद केले आहे. त्यानंतर मूळ संहिता पुन्हा छापली गेली. ज्यांच्यासाठी पुस्तक सौम्य करण्यात आले, त्यांनीच ती काटछाट उघडकीस आणली. पूर्ण पुस्तक वाचणारा विद्यार्थीच हे करू शकतो.

स्मरणातील ग्रंथ

कादंबरीच्या अखेरीस माँटॅग ग्रेंजर व त्याच्या साथीदारांना भेटतो. या माणसांनी एकेक ग्रंथ मुखोद्गत केला आहे. विद्यार्थिनीला येथे इंद्रायणीत बुडविलेल्या आणि लोकांच्या मुखी तरलेल्या तुकोबांच्या गाथेची आठवण होते. ही तुलना समर्पक आहे. तिच्या जोडीला 'लीळाचरित्रा'चेही उदाहरण देता येईल. मूळ पोथी खालशाच्या धाडीत गेल्यावर महानुभाव अनुयायांनी स्मरणातून पाठ सिद्ध केले, असे आपला वाङ्मयेतिहास सांगतो. या परंपरेचा एक बोध असा की स्मरणातून एक पाठ येत नाही, अनेक पाठ येतात. ब्रॅडबरी यांना ही अडचण जाणवलेली दिसत नाही.

विद्यार्थिनीने येथे एक मार्मिक आक्षेपही घेतला आहे. ग्रेंजरच्या नामावळीत बुद्ध, गांधी आणि कन्फ्यूशियस आहेत, पण ती जवळजवळ सर्वस्वी पुरुषांची आहे. काय आठवायचे हे कोणी ठरवायचे, असा तिचा प्रश्न आहे. क्लॅरिसला आरंभीच्या भागातच नाहीसे करणाऱ्या आणि मिल्ड्रेडला पोकळ ठेवणाऱ्या कादंबरीला हा प्रश्न विचारणे योग्यच आहे. मात्र मिल्ड्रेडविषयी तिने अधिक सहानुभूती दाखवावयास हवी होती. कादंबरीच्या प्रारंभीच झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक करून बेशुद्ध पडलेली ही स्त्री सुखी नाही. आपण सुखी नाही हे सांगण्यासाठी तिच्यापाशी भाषा उरलेली नाही.

समारोप

१८६४ साली कल्याणात सार्वजनिक वाचनालय निघाले आणि १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन झाले. तेव्हा वाचक आधीच तयार होता असे नाही. ग्रंथ जवळ असेल तर वाचक घडेल, या विश्वासाने त्या संस्था उभ्या राहिल्या. त्याच परिसरात अध्यापन करणाऱ्या आपणापुढील काम त्यामानाने लहान आहे. वर्षाकाठी निदान एक पुस्तक, गाईडविना व गाळल्याविना, वर्गात पूर्ण वाचले जावे. एखादे पुस्तक अभ्यासक्रमातून काढावयाचे झाल्यास त्याची कारणे अभ्यासमंडळात लेखी मांडली जावीत आणि ती मांडणाऱ्यांनी ते पुस्तक वाचलेले असावे. पहिली गोष्ट आपल्या हाती आहे. दुसरीसाठी आग्रह धरणे आपल्या हाती आहे. विद्यार्थिनीने आपल्या टिपणाच्या शेवटी, मिस्त्री यांची ती कादंबरी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे का, अशी विचारणा केली आहे. कोणत्याही गुणदानाशी संबंध नसलेली ही विचारणा, हेच त्या टिपणाचे सर्वांत मोठे यश होय.