टॉवेल-दिन : स्मरण कशाचे?

ग्रंथकार गेल्यावर त्याचे स्मरण कोणत्या खुणेने करावयाचे, हे त्याचे वाचक ठरवितात; आणि ते ठरविताना ग्रंथाविषयीचा आपला अभिप्रायही नकळत देऊन जातात. दरवर्षी २५ मे रोजी इंग्लंड-अमेरिकेत व इतर देशांत जो ‘टॉवेल-दिन’ पाळला जातो, त्याच्याकडे आम्ही याच दृष्टीने पाहावयाचे योजिले आहे. विषय वरवर पाहता पोरकट वाटेल, पण तो तसा नाही.

इंग्रज विनोदकार डग्लस ॲडम्स याचा जन्म १९५२ सालचा. त्याची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी’ ही श्रुतिका बीबीसीवरून ८ मार्च १९७८ रोजी सुरू झाली, आणि पुढल्याच वर्षी त्याच नावाची कादंबरी निघाली. रस्त्यावरच्या वाहनांना हात दाखवून फुकट प्रवास करणाऱ्या भटक्यांसाठी आकाशगंगेची मार्गदर्शिका, अशी ही कल्पना. ११ मे २००१ रोजी कॅलिफोर्नियात हृदयविकाराने तो अवघ्या ४९ व्या वर्षी निवर्तला. त्यानंतर काही दिवसांतच त्याच्या चाहत्यांत आंतरजालावरून एक सूचना फिरू लागली : २५ मे रोजी प्रत्येकाने दिवसभर अंगावर टॉवेल वागवावा. कोणी अध्यक्ष नव्हता, निधी नव्हता, ठरावही नव्हता. तरीही त्या दिवशी लोक खरोखरच खांद्यावर टॉवेल टाकून कचेऱ्यांत गेले. पुढल्या वर्षी पुन्हा गेले, आणि तो क्रम अद्याप चालू आहे.

या तिथीला ग्रंथात काहीच आधार नाही. मृत्यूनंतरचा चौदावा दिवस, एवढाच तिचा अर्थ. ग्रंथात ‘४२’ या आकड्याला जे अफाट महत्त्व आहे ते ध्यानी घेऊन बेचाळिसावा दिवस, म्हणजे २२ जून, धरला असता तर ग्रंथाशी काही नाते तरी जडले असते. पण आम्ही पडलो वकील. १८६८ सालच्या मदुरेच्या कलेक्टरच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले की, हिंदू कायद्यात निःसंशय सिद्ध झालेली रूढी लिखित वचनाहूनही बलवत्तर होय. २५ मेचा हक्क आता त्याच जातीचा झाला आहे. याच दिवशी टेरी प्रॅचेट या दुसऱ्या इंग्रज विनोदकाराचे चाहते लायलॅकची फुले लावतात. मात्र ती तारीख आणि ती फुले दोन्ही त्याच्या ‘नाइट वॉच’ (२००२) या कादंबरीतूनच आलेली आहेत. म्हणजे एका घरी तिथी ग्रंथाने दिली, दुसऱ्या घरी मृत्यूने.

परंतु तिथी परकी असली तरी खूण अस्सल आहे. ग्रीसमध्ये सुटी घालविताना ॲडम्सचा टॉवेल रोज हरवत असे, आणि तो सापडेपर्यंत बरोबरीची मंडळी खोळंबून राहत. ज्याला आपला टॉवेल कोठे आहे हे ठाऊक असते, तोच खरा सावध मनुष्य, हे सूत्र त्याला तेथे सापडले. कादंबरीत त्याने त्याचा विस्तार केला, आणि त्यातली खरी मेख कापडाच्या उपयोगात नाही. भटक्याजवळ टॉवेल दिसला की इतर लोक समजतात, याच्याजवळ साबण, ब्रश, कपडे, सर्व काही असलेच पाहिजे, काही हरवले असेल तर चुकून. आणि आनंदाने उसने देतात. एका वस्तूवरून अख्ख्या पतीचे अनुमान काढण्याची ही मनुष्यमात्राची खोड त्याने नेमकी पकडली आहे. आमच्याकडे मात्र हा उत्सव फसावयाचा. गोव्यात वा बेळगावात खांद्यावर तुवालो किंवा पंचा टाकून निघालेल्या गृहस्थाकडे कोण ढुंकून पाहणार?

आता आमची तक्रार सांगतो. पालखीत उत्सवमूर्ती फिरते तेव्हा मूळ विग्रह गाभाऱ्यात असतो, आणि पालखी परतल्यावर भक्त गाभाऱ्याकडे वळतो. (ॲडम्स स्वतःस कट्टर निरीश्वरवादी म्हणवीत असे, ही उपमा त्याला रुचली नसती.) टॉवेल ही उत्सवमूर्ती, पण तिच्यामागून चालणारे किती जण ग्रंथाच्या गाभाऱ्यात शिरतात? आमच्या मते त्या ग्रंथाचा प्राण टॉवेलात नसून नोटिशीत आहे. आर्थर डेंट या साध्या माणसाचे घर नव्या रस्त्यासाठी पाडावयाचे असते. नकाशे रीतसर लावले होते, असे अधिकारी सांगतो. लावले होते कोठे? तळघरात, जिथला दिवाही गेला होता आणि जिनाही. वापरात नसलेल्या शौचकूपात, कुलूपबंद कपाटाच्या तळाशी. आणि दारावर पाटी, बिबट्यापासून सावध राहा! त्याच दिवशी आकाशमार्गासाठी सबंध पृथ्वी पाडली जाते, तेव्हाही उत्तर तेच : नकाशे शेजारच्या ताऱ्यावरील कचेरीत पन्नास वर्षे लावलेले होते, आता हरकत कसली? भूसंपादनाची नोटीस ज्याने एकदा हाताळली आहे, त्याला येथे हसू येते आणि लगेच घशात अडकते. नोटीस कायद्याने पुरी झाली, माणसाला मात्र पोहोचली नाही. ही गोष्ट इतक्या थोड्या ओळींत सांगणारे दुसरे पुस्तक आमच्या वाचनात नाही.

या नोटिशीला टॉवेल-दिनात स्थान नाही. कारण उघड आहे : टॉवेल खांद्यावर टाकता येतो, नोटीस वाचावी लागते. ग्रंथाने ज्या खोडीची थट्टा केली, तिलाच भक्तमंडळी बळी पडली असे म्हणावेसे वाटते. खांद्यावर टॉवेल दिसला की बघणारा समजतो, याने पुस्तक वाचले असलेच पाहिजे.

तथापि २०१५ सालचा टॉवेल-दिन आम्हांस विसरता येत नाही. त्या दिवशी आंतरराष्ट्रीय अंतराळ-स्थानकात असलेल्या सामांता क्रिस्तोफोरेत्ती या इटालियन अंतराळयात्री बाईंनी पृथ्वीभोवती फिरत असताना ॲडम्सच्या या पुस्तकातील उतारा मोठ्याने वाचला. इतर वर्षी काय पाळले गेले ते असो, त्या वर्षी वाचन झाले, आणि तेही जी पाडावयाची म्हणून कादंबरीतल्या नकाशावर खूण होती तिच्याकडे वरून पाहत.