टाकाऊतून टिकाऊ, पण कुठवर?

‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द शाळेतल्या हस्तकलेच्या तासापासून आपल्या तोंडी बसले आहेत. कलादालनांत आणि महोत्सवांत आज कचऱ्यातून जी कला उभी राहते, ती बरेचदा त्याच तासाची वाढीव आवृत्ती असते. ‘टाकाऊ’चे कौतुक होते, ‘टिकाऊ’ची झडती मात्र कुणी घेत नाही.

या कलेचे आपल्याकडचे थोर उदाहरण म्हणजे चंदीगडचे रॉक गार्डन. रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी १९५७ पासून सुखना तलावाजवळच्या जंगलात ते गुपचूप रचले. नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबश्यांच्या ठिकऱ्या असे सारे त्यात आले. १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली. तिथली बांगडी मूर्तीच्या अंगावरही बांगडीच दिसते, म्हणून ती बोलते. शिवाय सिमेंटमध्ये रुतलेला तो माल सहजी जागचा हलणारही नाही.

दिल्लीत सराय काले खाँ इथे २०१९ मध्ये सुमारे १५० टन भंगारातून जगातील सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या गेल्या. कारागिरी दाद देण्याजोगी, पण कल्पना उसनी. लोखंडाची एक सोय मात्र आहे: उद्या नकोसे झाले तर कापून पुन्हा भट्टीत जाते.

खरी अडचण प्लॅस्टिकच्या बाटल्या, थर्माकोल आणि स्प्रे रंग यांच्या शिल्पांची. स्वच्छ बाटली भंगारवाला वजनावर घेतो. तिच्यावर रंग चढला, गोंदाने तारा आणि कापड चिकटले की तो हात लावत नाही. म्हणजे विकली जाणारी वस्तू कलाकाराने उचलली आणि महोत्सव संपल्यावर न विकली जाणारी करून परत केली. पर्यावरणाच्या नावाने झालेला हा व्यवहार तोट्याचाच.

याला अपवादही आहेत. दृश्यकलावंत विवान सुंदरम यांनी ‘ट्रॅश’ या मालिकेत (२००८) कचरावेचकांना सोबत घेऊन स्टुडिओच्या जमिनीवर कचऱ्याचे शहर मांडले आणि त्याची छायाचित्रे काढली. कचरा हाताळणारी माणसे तिथे कलेच्या आत आली. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेत अनेक वर्षे टाकाऊतून खेळणी घडवलेल्या अरविंद गुप्ता यांची रीत तर याहून साधी. आगकाड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीने जोडायच्या. गोंद नाही, त्यामुळे खेळ संपला की जोड सुटतो. आजीची गोधडीही याच जातीची: टाका उसवला की चिंध्या पुन्हा मोकळ्या.

म्हणून या कलेची कसोटी जोडण्यात जेवढी, तेवढीच सुटण्यात आहे. पुढच्या प्रदर्शनात कलाकृतीखालच्या पट्टीवर नाव, माध्यम आणि वर्ष यांच्या शेजारी आणखी एक ओळ असावी: हे मोडल्यावर भंगारवाला यातले काय घेईल?