‘नेपथ्य’ : एका नाट्यसंज्ञेच्या अर्थांतराची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी नाट्यसमीक्षेत ‘नेपथ्य’ ही संज्ञा नित्य वापरली जाते. मात्र तिचा अर्थ सहसा गृहीत धरला जातो. नाटकाच्या जाहिरातीत वा परीक्षणात नेपथ्य म्हणजे रंगमंचावर उभारलेले स्थळदृश्य, म्हणजेच प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर सतत असणारी गोष्ट. याउलट, एखादी व्यक्ती ‘नेपथ्यात गेली’ असे म्हटले की ती नजरेआड झाली असा अर्थ होतो. एकच शब्द दृश्य आणि अदृश्य या दोन्ही टोकांना का लावला जातो व त्यामुळे समीक्षेची कोणती हानी होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संस्कृत परंपरेतील अर्थ

संस्कृतात या शब्दाचे दोन अर्थ रूढ होते. अमरकोशात तो वेषवाचक शब्दांमध्ये येतो, तर नाट्यगृहाच्या संदर्भात तो पडद्यामागील जागा सुचवितो. भरताने ‘नाट्यशास्त्रा’त आहार्य अभिनयाच्या विवेचनात नेपथ्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना व संजीव असे चार प्रकार सांगितले आहेत. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त दोन्ही अर्थ आढळतात. प्रस्तावनेत सूत्रधार नटीच्या नेपथ्याविषयी विचारतो, तेव्हा वेषरचना अभिप्रेत आहे. चौथ्या अंकात दुर्वासाचा शाप ‘नेपथ्ये’ या रंगसूचनेने येतो, तेव्हा जागा अभिप्रेत आहे. शाप देणारा दिसत नाही. पण पुढील सारे कथानक त्या आवाजाने फिरते.

मराठी रंगभूमीवरील स्थित्यंतर

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या बुधवार पेठेतील आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. म्हणजे मराठी संगीत रंगभूमीचा पाया ज्या कृतीच्या आधाराने घातला गेला, तिचा कलाटणीबिंदूच पडद्यामागे आहे. पुढे नाटक मंडळ्यांच्या काळात रंगविलेल्या पडद्यांना महत्त्व आले. आनंदराव व बाबूराव पेंटर, तसेच ‘ललितकलादर्श’चे पु. श्री. काळे यांच्यासारख्या चित्रकारांनी राजवाडा, रस्ता, उपवन प्रेक्षकांसमोर उभे केले. झाकणारा पडदा दाखविणारा झाला. नेपथ्याच्या अर्थांतराचे एक कारण या बदलात संभवते.

चिकित्सा

हे अर्थांतर अशुद्ध ठरविणे योग्य नाही. पर्वत, वाहने इत्यादींच्या प्रतिकृती भरताने ‘पुस्त’ या प्रकारात घातल्याच आहेत. मराठीने चारांपैकी मुख्यतः त्या एकाला ‘नेपथ्य’ हे नाव ठेवले. अलंकाराचे क्षेत्र वेशभूषेकडे आणि अंगरचनेचे रंगभूषेकडे गेले. हा अर्थसंकोच शास्त्राला धरूनच आहे.

मात्र या वाटणीत दोन गोष्टी अनाम राहिल्या : पडद्यामागील जागा आणि तेथे होणारे श्रम. ती उणीव ‘बॅकस्टेज’ आणि ‘विंग’ या शब्दांनी भरून काढावी लागली. परिणामी परीक्षणात ‘नेपथ्य साजेसे होते’ एवढ्या वाक्यावर विषय संपतो. नेपथ्याचे मूल्यमापन चित्र म्हणून होते; प्रवेशबदलाची गती, विंगेतून येणारा आवाज, क्षणात बदलावा लागणारा वेष यांनी प्रयोगाला कोणता अर्थ दिला, हा प्रश्न विचारलाच जात नाही. जे काम शब्दात सामावत नाही, ते श्रेयनामावलीतही तळाशी जाते. अध्यापनातही अडचण संभवते. आजच्या अर्थाने ‘नेपथ्ये’ ही सूचना वाचणाऱ्या विद्यार्थ्याला शापाची नाट्यमयता उमगणार नाही.

निष्कर्ष

‘नेपथ्य’ हा शब्द स्थळदृश्यासाठी रूढ झाला असून तो तसाच राहणे इष्ट आहे. जागा व श्रम यांसाठी ‘पडद्यामागील’ हे सर्वपरिचित विशेषण संज्ञेच्या काटेकोरपणाने वापरता येईल. त्याहून आवश्यक आहे ती समीक्षेच्या दृष्टीतील दुरुस्ती. जे दिसते त्याबरोबरच, न दिसता प्रयोग घडविते त्याचीही स्वतंत्र नोंद परीक्षणात झाली पाहिजे. दुर्वास रंगमंचावर येत नाही. म्हणून कोणी त्याला नाटकातून वगळत नाही.