फांदी आणि डोंगर

पॉल सेझानच्या ‘सॅंत-व्हिक्त्वार पर्वत आणि मोठा पाइन’ या चित्रात डाव्या कडेला पाइनचं खोड उभं आहे. त्याच्या फांदीचा माग घेत नजर उजवीकडे सरकते आणि मागचा डोंगर दिसू लागतो. गायकाची तान हार्मोनियमवाल्याने मागोमाग उचलावी, तशी ही फांदी डोंगराची कडा गिरवत जाते. तो उतरतो तिथे ती झुकते. फांदी अगदी पुढ्यात, डोंगर कित्येक मैल दूर; तरी दोन्ही रेषा एका लयीत चालतात आणि एकमेकींना शिवत नाहीत. त्यांच्यामधलं आकाश त्यामुळे रिकामं वाटत नाही, ताणलेलं वाटतं.

खाली आर्क नदीचं खोरं पसरलंय. शेतांचे हिरवे-पिवळे तुकडे, घरांचे ठोकळे, उजवीकडे रेल्वेचा कमानींचा पूल. खोऱ्याची खोली नजरेला पुरेपूर जाणवते. पण रंग वेगळंच काही करत असतात. शिखरावरची गुलाबी छटा पाइनच्या पानांतही डोकावते. दूरचं ते धूसर, हा नेहमीचा नियम सेझान पाळत नाही. डोंगराची कडा तो ठाम ठेवतो. म्हणून डोंगर दूर राहूनही कॅनव्हासच्या पृष्ठभागावर येऊन भिडतो. खोली आणि सपाटी यांच्या या ओढाताणीतच चित्राचा सगळा जीव आहे.

सेझान (१८३९–१९०६) याच डोंगराच्या परिसरातल्या एक्स-आँ-प्रोव्हाँसचा. उघड्यावर बसून निसर्ग रंगवण्याची दीक्षा त्याला चित्रकार पिसारोने दिली आणि १८७४च्या पहिल्या दृक्प्रत्ययवादी प्रदर्शनात तो सामीलही झाला. पण पळत्या प्रकाशाचा क्षण पकडून त्याचं समाधान होईना. रंगांचा तो ताजेपणा राखून त्याला चित्राला भक्कम बांधणी द्यायची होती. १८८७च्या सुमाराच्या या चित्रात एका दिशेने पडलेले तिरपे फटकारे बघावेत: प्रत्येक फटकाऱ्यात प्रकाश आहे आणि प्रत्येक फटकारा विटेसारखा जागेवर बसवलेला आहे.

१८९५ मध्ये एक्समधल्या हौशी चित्रकारांच्या संस्थेने हे चित्र मांडलं, तेव्हा गावकऱ्यांना ते उमगलं नाही. जोआकिम गास्के या तरुण कवीने मात्र मनापासून दाद दिली. सुखावलेल्या सेझानने चित्रावर सही केली आणि ते त्यालाच देऊन टाकलं. आज ते लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीत आहे.

गावकरी गोंधळले यात नवल नाही. रोजचा डोंगर त्यांना ओळखीच्या अंतरावर हवा होता, आणि सेझानने ते अंतरच चित्राचा विषय केलं होतं. पुढे पिकासो आणि ब्राक या चित्रकारांनी घनवादात जवळ-दूरची घडी पुरती विस्कटली. त्यांची चित्रं कोड्यासारखी वाटणाऱ्याने आधी या फांदीपाशी थोडा वेळ काढावा. इथे जवळ-दूरचा तोच प्रश्न डोंगर, झाड आणि शेतं शाबूत ठेवून विचारलेला आहे.